देवस्थळीकाकूंची मंद आच

देवस्थळीकाकूंचा यंत्रांवर विश्वास होता, पण यंत्रांवरच्या आकड्यांवर अजिबात नव्हता. ओव्हनचं बटण साडेतीनशेवर नेलं की आत साडेतीनशे होतात, असं मानणाऱ्या माणसाकडे त्या एका विशिष्ट नजरेनं पाहत. त्यात राग नसे. साखर समजून चहात मीठ घालणाऱ्या पाहुण्याकडे आपण पाहू, तशी ती नजर. मला ती पहिल्यांदा मिळाली २००३ च्या मार्चमध्ये. नागपूरहून सांता क्लाराला येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

ऑफिसात पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं घरून काहीतरी करून न्यायचं, म्हणून मी नानकटाई करायला घेतली होती. दोन ट्रे करपले होते, तिसरा आत होता, आणि दार वाजलं. बाहेर एक बुटक्या बाई उभ्या. कापलेले पांढरे केस, पॅन्ट, पांढरे बूट, स्वेटरच्या गळ्यातून डोकावणारं मंगळसूत्र, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ. त्या शेजारच्याच अपार्टमेंटमध्ये राहत होत्या. खिडकीतून करपल्याचा वास आला म्हणून आल्या होत्या. माझं नाव, गाव काही विचारलं नाही. सरळ आत येऊन ओव्हनसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा खोटं बोलतोय. साखर आहे का घरात?"

त्यांनी फॉइलच्या तुकड्यावर चमचाभर साखर ठेवली आणि ओव्हन साडेतीनशेवर लावला. साडेतीनशे फॅरनहाइटला साखर वितळत नाही, पुढे पंधरा-वीस डिग्री गेल्यावर वितळते, एवढं सांगून त्या स्टुलावर बसल्या. थोड्या वेळानं दार उघडलं तर साखरेचं पाणी झालेलं. ती फॉइल तशीच हातात धरून त्या खाली मॅनेजरच्या ऑफिसात गेल्या. ओव्हनला काही झालेलं नाही असं तो मला आठवडाभर सांगत होता. काकूंनी फॉइल त्याच्या टेबलावर ठेवली आणि उष्णतेचं शास्त्र पहिल्यापासून समजावायला सुरुवात केली. दोन दिवसांत मला नवा ओव्हन मिळाला. मॅनेजर नंतर मला म्हणाला की ते सगळं पुन्हा ऐकण्यापेक्षा ओव्हन बदलणं सोपं होतं.

काकू मूळच्या सांगलीच्या. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या. त्र्याहत्तर साली लग्न होऊन इकडे आल्या आणि दोन वर्षांत एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात भट्टीवर लागल्या. सिलिकॉनच्या चकत्या काचेच्या लांब नळीत सरकवायच्या आणि हजार डिग्रीला तापवायच्या, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं त्यांनी ते केलं. त्यामुळे स्वयंपाकघरात त्या फॅरनहाइटमध्ये बोलत आणि इतर सगळ्या जगाबद्दल सेल्सिअसमध्ये. २००१ च्या मंदीत तो कारखाना बंद झाला तेव्हा लोकांनी आठवण म्हणून कप नेले, खुर्च्या नेल्या. काकूंनी सुपरवायझरची परवानगी काढून एक मोडका तापमानाचा मीटर आणला आणि घरी दुरुस्त केला. त्याला केसाएवढी बारीक तार होती. तिचं टोक जिथे ठेवाल तिथलं खरं तापमान मीटरवर उमटे. देवघरासमोरच्या टेबलावर तो मीटर मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेला असे.

त्यांच्या कारखान्यातली एक गोष्ट मला वसंतकाकांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी सांगितली. एक नवा पीएच.डी. झालेला इंजिनिअर आला होता. तीन नंबरच्या भट्टीचा आकडा बरोबर आहे, माल आत घाला, असं त्यानं सांगितलं. काकूंनी हात मागे बांधले आणि भट्टीसमोर उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं एवढंच की नळीचा लाल रंग रोजचा नाही. इंजिनिअर ओरडला, त्याचा साहेब आला, साहेबाचा साहेब आला. शेवटी भट्टी उघडली तर आतली मोजायची तार जागेवरून सरकलेली निघाली. भट्टी पन्नास डिग्री जास्त तापलेली होती आणि मीटर निमूटपणे रोजचाच आकडा दाखवत होता. काका ही गोष्ट सांगताना काकू शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. सांगून झाल्यावर म्हणाल्या की पन्नास नाही, अठ्ठेचाळीस.

पुढची दोन वर्षं मी जवळजवळ रोज त्यांच्याकडे जात असे. त्यांनी मला दाण्याचं कूट शिकवलं, म्हणजे दाणे भाजायला शिकवलं, कारण त्यांच्या मते कूट आपोआप होतं, दाणे आपोआप भाजत नाहीत. मी घाईनं गॅस मोठा केला की त्या हात पुढे करून लहान करत. "आच वाढवली म्हणून भाजणं लवकर होत नाही, करपणं तेवढं लवकर होतं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही.

वसंतकाका त्यांच्या अगदी उलट. उंच, हसरे, बोलघेवडे. काउंटीच्या रस्ते विभागात त्यांनी सगळा जन्म नकाशे काढण्यात घालवला आणि उरलेला सगळा वेळ जेवणाबद्दल बोलण्यात. आज काय आहे, उद्या काय असेल, मिरजेच्या स्टेशनवर पूर्वी काय मिळायचं. सुपारीचं खांडही त्यांनी कधी तोंडात टाकलेलं नव्हतं. माणूस व्यसनी असेल तर एकाच गोष्टीचा, भाताचा.

२००५ च्या उन्हाळ्यात काकांना लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग, निघाला.

केमो सुरू झाली आणि काकांचं जेवण तुटलं. मळमळ थांबवायच्या गोळ्या दिल्या, बदलल्या, पुन्हा बदलल्या. पोटात गोळी राहीना, मग अन्न कुठून राहणार. फोडणीचा वास आला की ते उठून दुसऱ्या खोलीत जात. काकूंनी फोडणी देणं बंद केलं. त्या घरातून मोहरीचा वास गेला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तिसऱ्या फेरीनंतर त्यांच्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की वजन असंच उतरत राहिलं तर चौथी फेरी देता येणार नाही, शरीर ती सोसणार नाही. बारा दिवसांनी पुन्हा वजन करायचं होतं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि गांजाचा विषय काढला. कॅलिफोर्नियात तो औषध म्हणून घेता येतो, मी शिफारसपत्र लिहून देते, पण काकांना दमा आहे तेव्हा धूर अजिबात चालणार नाही, असं त्या म्हणाल्या. पाला न जाळता नुसता तापवणारं एक हातातलं यंत्र मिळतं, त्यातून धुराऐवजी वाफ येते, ते बघा.

 घरी आल्यावर काका म्हणाले की त्यांच्या आजोळी देवळामागे चिलीम ओढणारे गोसावी बसत, आणि तिकडे बघितलं तरी आजोबा कान पिळत. आता एकसष्टाव्या वर्षी आपण त्यांच्या ओळीत जाऊन बसायचं का? काकूंनी विचारलं, आजोबांना लिम्फोमा झाला होता का. तो विषय तिथे संपला.

यंत्र घेऊन आली त्यांची मुलगी मेघना. ती दूर दुसऱ्या राज्यात, नेपरव्हिलला, लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट होती, तिथेच वाढलेल्या नवऱ्याबरोबर राहायची, आणि मराठी सगळं समजत असून उत्तर इंग्रजीत द्यायची. यंत्र टीव्हीच्या रिमोटहून थोडं जाड होतं. खाली बॅटरी, वर काळी नळी, मधे पाला ठेवायची बोटाच्या पेरभर वाटी. बाजूला एक ते पाच आकड्यांची चकती आणि एक दिवा: लाल असेल तर तापतंय, हिरवा झाला की तयार. मेघनानं वाटी गच्च भरली, चकती पाचावर नेली, आणि हिरवा दिवा लागताच काकांच्या हातात दिलं. ती म्हणाली, "पुल हार्ड, बाबा."

काकांनी जोरात ओढलं. काही येईना म्हणून थांबून पुन्हा ओढलं, तेवढ्यात आतला पाला जळला आणि धूर थेट छातीत गेला. त्या दिवशी मी तिथे नव्हते, पण त्यांचा खोकला भिंतीपलीकडे मला ऐकू येत होता. इन्हेलर दोनदा द्यावा लागला. खोकला थांबल्यावर काका काकूंना म्हणाले, "कुमुद, मला उपाशी मरू दे, पण हे पुन्हा नको." मेघना रडली. काकूंनी यंत्र उचललं आणि नेऊन देवघरासमोर मीटरशेजारी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळीच त्यांनी मला बोलावलं. ओट्यावर यंत्राचे सुटे भाग पांढऱ्या टॉवेलवर ओळीनं मांडलेले, शेजारी चाचणीसाठी वाळवलेल्या पुदिन्याचा डबा, चाळण्या, कापसाच्या काड्या, स्पिरिट. औषधाचा पाला कुठेच दिसत नव्हता. तो वर कपाटात कुलपात होता आणि त्याच्या जवळ यायची मला बंदी होती. काका-काकू तीस वर्षांपूर्वी आलेले, इथले नागरिक झालेले. मी कामाच्या व्हिसावर. काकूंनी समजावलं की हे राज्य हो म्हणतं, पण वॉशिंग्टनचं सरकार अजून नाही म्हणतं, आणि तुझे कागद वॉशिंग्टनकडे आहेत. "तू फक्त पुदिन्याची साक्षीदार. आकडे लिही." मी वही घेतली.

यंत्राच्या वाटीत पुदिना भरून मीटरची तार त्यांनी त्यात सोडली आणि चकतीचा एकेक आकडा मोजायला घेतला. पहिल्या तासातच कळलं की हिरवा दिवाही खोटं बोलतो. दिवा हिरवा होई तेव्हा नुसता बाहेरचा धातू तापलेला असे. आतला पुदिना अजून चाळीस डिग्री मागे. आणखी दीड मिनिट थांबलं की मग आकडा स्थिर होई. बॅटरी अर्धी उतरलेली असेल तर तो कधीच तिथवर पोचत नसे, म्हणजे दर वेळी पूर्ण चार्ज हवा. मग त्यांनी सायकलच्या नळीचा तुकडा लावून हवा ओढून पाहिली. जोरात ओढलं की गार हवा आत घुसून तापमान धाडकन वीस डिग्रीनं पडे. मग माणसाला वाटतं काही येत नाही, तो चकती वाढवतो, ओढायचा थांबतो, आणि तेवढ्यात आतलं करपतं. मेघनाच्या वेळीही तसंच झालं होतं, चकती तर आधीच पाचावर होती. काकूंनी तिला जवळ बोलावून मीटरवरचा आकडा पडताना दाखवला. मेघनानं नळी घेऊन स्वतः एकदा ओढून पाहिलं. मग म्हणाली, "सो इट वॉजन्ट मी." काकू म्हणाल्या की तू नव्हतीसच, आणि ते यंत्रही वाईट नाही, त्याला नीट कुणी विचारलेलं नाही एवढंच.

रविवारी पाल्याचा नंबर लागला. खलबत्त्यात कुटलेला पुदिना पिठासारखा होऊन जाळीत बसे आणि हवेची वाट बंद करी. तसाच टाकला तर बाहेरून भाजे, आत ओला राही. जाड्या रव्याएवढा कण बरोबर, असं ठरलं. ओलसर पाला आधी वाफच सोडतो म्हणून कोरडा हवा, पण चुरगळला की धूळ होईल इतका नाही. वाटी दाबून भरायची नाही. "मोदकासारखं ठासायचं नाही, नुसतं सांडल्यासारखं भरायचं," असं त्या मेघनाला सांगत होत्या. अर्ध्यावर एकदा काडीनं हलवायचं, कारण दाणेसुद्धा न हलवता भाजत नाहीत. झाल्यावर उरलेल्याचा रंग बघायचा: भाजलेल्या धण्यांसारखा तपकिरी आला तर जमलं, हिरवा राहिला तर कमी, काळा झाला तर हरलो. आणि दर वेळी, न चुकता, यंत्र कोमट असतानाच जाळी आणि नळी पुसायची. काल रात्रीच्या कढईत कुणी आज शिरा करत नाही.

तीन दिवसांत वहीची अठरा पानं भरली. चकतीवरचे आकडे काकूंनी पांढऱ्या चिकटपट्टीनं झाकून टाकले आणि तीनच्या थोडं पुढे पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारली. मीटरवर तिथे एकशे पंच्याऐंशी सेल्सिअस येत होतं. काम झालं होतं, उरले होते काका.

काकांना राजी कसं केलं ते मला माहीत नाही. दार बंद होतं आणि काकू आत तासभर होत्या. बाहेर आल्या तेव्हा नाक लाल होतं, पण काका तयार होते. बुधवारची दुपार होती, मी ऑफिसातून जेवायच्या सुट्टीत आले होते. काकूंनी मला स्वयंपाकघरात ठेवलं, मधलं दार लावून घेतलं, आणि शेगडीवरचा मऊ भात हलवत राहायला सांगितलं. आत त्यांनी वाटी भरली, दिवा हिरवा झाला, आणि पुढची दीड मिनिटं त्यांनी घड्याळावर मोजली.

मग मला काकूंचा आवाज ऐकू आला. काकांनी किती सावकाश ओढायचं हे कळावं म्हणून त्या पावकी, म्हणजे पावाचा पाढा, म्हणत होत्या. काकांनाही लहानपणी पाठ असलेली ती पावकी, अगदी हळू, एका लयीत: "पाव... अर्धा... पाऊण... एक... सव्वा... दीड... पावणेदोन... दोन. आता सोडा." खोकला आला नाही. पुन्हा पावकी. पुन्हा खोकला नाही. चार वेळा झाल्यावर त्या थांबल्या. काकांनी आणखी मागितलं, तर त्यांनी सांगितलं की वीस मिनिटं वाट बघायची, भट्टीत माल घातल्यावर दार उघडझाप करत नाहीत.

त्या बाहेर आल्या आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. मी भातात मेतकूट घातलं. का घातलं कुणास ठाऊक, रोज साधाच ठरलेला होता. मनगट उलटं करून त्या घड्याळाकडे बघत होत्या. सतरा-अठरा मिनिटं झाली असतील, आतून काकांनी विचारलं, "कुमुद, मेतकुटाचा वास येतोय का गं?"

आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. चार महिन्यांत त्या घरात कुणी वासाबद्दल चांगलं बोललं नव्हतं. काकू वाटी घेऊन आत गेल्या. काकांनी ती वाटी खाल्ली, सावकाश, मधे थांबत, पण पूर्ण. मग म्हणाले की बरोबर लोणचं का नाही. मेघना लोणच्याची बरणी घ्यायला धावत आली आणि तिच्या हातून झाकण पडलं. काकू बाहेर येऊन नळाशी उभ्या राहिल्या आणि घासून ठेवलेलं स्वच्छ पातेलं पुन्हा घासायला लागल्या.  त्यांनी ते तीनदा घासलं.

बाराव्या दिवशी काकांचं वजन भरलं तर उतरायचं थांबून ते अडीच पौंडांनी वाढलेलं. नर्सचा विश्वास बसेना, तिनं पुन्हा केलं. काकूंनी तिला विचारलं की या काट्याची शेवटची तपासणी कधी झाली होती. डॉक्टरीणबाई हसत हसत आत आल्या आणि चौथी फेरी ठरली. पाचवी झाली, सहावी झाली. पुढच्या वसंतात स्कॅन स्वच्छ आलं. त्या संध्याकाळी काकूंनी घरात मोहरीची अशी दणदणीत फोडणी दिली की खालच्या मजल्यावरचा धुराचा अलार्म वाजला, आणि मॅनेजर वर आला नाही.

त्याआधी, काका बरे होत असतानाच, काकूंची दुसरी कारकीर्द सुरू झाली होती. औषध आणायला त्या सॅन होजेतल्या रुग्णांच्या एका केंद्रात जात. तिथे मागच्या खोलीत दुपारी लोक बसलेले असत. हँक नावाचा एक माजी सैनिक, दाढीवाला, दोन्ही हातांवर गोंदलेलं, संधिवातानं बोटं वाकडी झालेला. तो आपलं यंत्र टेबलावर आपटून सांगत होता की हे भंगार आहे. काकूंनी विचारलं, शेवटचं साफ कधी केलंत? त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की साफ करतात हे त्याला ठाऊक नव्हतं. काकूंनी पर्समधून कापसाच्या काड्या आणि स्पिरिटची बाटली काढली. अर्ध्या तासात टेबलाभोवती नऊ माणसं जमली. हँकला त्यांनी दाबून भरायचं नाही, थांबायचं आणि सावकाश ओढायचं शिकवलं. त्यानं एक सावकाश श्वास घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "मॅम, मी दोन वर्षं हे चुकीचं करत होतो."

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मिसेस डी.चा वर्ग. मी एकदाच त्यांना सोडायला गेले होते, दारातूनच बघितलं. वीसेक माणसं, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी डोक्याला रुमाल बांधलेलं, कुणी केस नसलेलं, आणि समोर आमच्या बुटक्या काकू, हातात मीटर. पहिल्या दिवशी त्या कुणालाच औषध वापरू देत नसत. आधी वाळलेला पुदिना. तक्रार करणाऱ्याला दार उघडं होतं, पण कुणी गेल्याचं मी ऐकलं नाही. इंग्रजीत पावकी सांगता येईना म्हणून त्यांनी सगळ्यांना मराठीच शिकवली. हँकनं 'पावणेदोन' म्हटलं ते ऐकण्यासारखं होतं.

स्वतः त्यांनी कधी एक झुरकाही घेतला नाही. मी एकदा विचारलं होतं, कुतूहल नाही का वाटत? त्यांनी मला परत ती नजर दिली. म्हणाल्या, "अगं, मी भट्टी चालवत होते, चिप्स खात नव्हते."

आमच्या त्या भागातल्या, बे एरियातल्या, मराठी माणसांत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. २००६ च्या गणपतीत जेवणाच्या पंगतीत एका बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काकूंना विचारलं की त्या गांजाचे क्लास घेतात हे खरं का.  काकू उत्तर देणार तेवढ्यात काका उभे राहिले. चिलमीच्या नावानं ज्यांना लाज वाटली होती, तेच काका. ताट हातातच होतं. म्हणाले, "क्लास ती घेते, गांजा मी घेत होतो. कर्करोगात डॉक्टरांनी लिहून दिला होता. तो घेतला म्हणून आज इथे तिसऱ्यांदा मसालेभात मागतोय. वाढताय ना?"

वाढणाऱ्या मुलीनं डाव भरून भात घातला. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि पंगत पुढे सुरू झाली. पुढच्या आठवड्यात त्याच बाईंचा फोन आला, हळू आवाजात. त्यांच्या फ्रीमाँटच्या भावाची केमो सुरू होती आणि तो जेवत नव्हता. काकूंनी मागचं काही काढलं नाही. त्याचे डॉक्टर काय म्हणतात, कागद आहेत का, दमा आहे का, एवढं विचारलं आणि मीटर फडक्यात गुंडाळून निघाल्या. तो भाऊही पुढे जेवायला लागला. सगळेच लागले असं नाही. गुरुवारच्या वर्गातल्या तीन खुर्च्या त्या वर्षी रिकाम्या झाल्या. त्या तिघांच्याही घरी काकू डबा घेऊन गेल्या होत्या, हे मला मेघनाकडून कळलं, त्यांच्याकडून नाही.

२००८ च्या उन्हाळ्यात माझ्या कंपनीनं मला न्यूयॉर्कच्या कामावर टाकलं आणि मी तिथून नदीपलीकडे जर्सी सिटीत घर घेतलं. निघायच्या दिवशी काका-काकूंनीच मला विमानतळावर सोडलं. गाडी काकू चालवत होत्या, नेहमीसारख्या वेगमर्यादेच्या दोन मैल खाली. काका शेजारी. स्कॅन सलग तिसऱ्या वर्षी स्वच्छ आलं होतं आणि आता डॉक्टरीणबाई वजन वाढल्याबद्दल रागावत होत्या. वाटेत दोघांचं काही ना काही चाललेलं होतं, मी मागे बसून ऐकत होते. उतरल्यावर मी दोघांना वाकून नमस्कार केला. काकूंनी डोक्यावर हात ठेवला, माझी बॅग उचलून तिचं वजन अंदाजलं, आणि जा म्हणाल्या.

काचेच्या दारातून आत गेल्यावर मी वळून हात केला. दोघांपैकी कुणी बघत नव्हतं. जेवायला कुठे जायचं यावर त्यांचं भांडण लागलं होतं. काकांना सनीव्हेलला डोसा हवा होता, बोटं उघडून ते बहुधा किती हवेत ते सांगत होते, आणि काकू मान हलवून नाही म्हणत होत्या. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या, पिवळ्या जाकिटातला माणूस पुढे व्हा म्हणून हातवारे करत होता, आणि त्या दोघांना त्याचं काही नव्हतं. शेवटी काकूंनी हात वर केले, हरल्यासारखे, आणि गाडी हलली. डाव्या हाताचा सिग्नल लागला होता. सनीव्हेल तिकडेच.